वाचून दाखवतो, पण काय वाचलं ते सांगता येत नाही (दुसरी, मराठी माध्यम)

फॉल_पिको_सातपूर

नमस्कार. बरेच दिवस इथलं नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मुलगा सव्वासात वर्षांचा आहे, दुसरीत, मराठी माध्यमात. आम्ही नाशिकला सातपूरमध्ये राहतो. घराच्या पुढच्या खोलीत माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे, मिस्टर कंपनीत शिफ्टला जातात. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्या साक्रीकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. मी निफाडची, मला अहिराणी समजते, बोलायला आता कुठे जमायला लागलंय.

शाळेचं पुस्तक हातात दिलं की मुलगा धडा घडाघडा वाचतो. येणारे-जाणारे कौतुक करतात. पण वाचून झाल्यावर "मग काय झालं रे?" असं विचारलं की गप्प. खाली मान घालून शर्टाचं बटण फिरवत बसतो. आधी वाटलं लाजतो. मग एके दिवशी मी त्याच धड्यातली चार वाक्यं खालीवर करून वहीत लिहून दिली, तर दुसऱ्याच वाक्याला अडला. म्हणजे अर्धा धडा त्याला पाठच होता. नवीन काही दिलं की एकेक अक्षर सुटं सुटं वाचतो, 'ब… स… ला', आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पोचतो तोवर पहिलं विसरलेला असतो.

तो बोलायलाही उशिरा लागला. अडीच वर्षांचा झाला तरी दहा-बारा शब्दच होते. सगळे म्हणायचे, मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बापही असाच होता. नंतर बोलायला लागला तर 'क' चा 'त' आणि 'ग' चा 'द'. काकाला 'ताता', गाडीला 'दाडी'. सगळे हसायचे, लाडाने पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे, मीही लावायचे. पाच वर्षांचा होईपर्यंत ते आपोआप गेलं. आता फक्त 'र' चा कधीतरी 'ल' होतो. पण परवा त्याने वहीत 'कपाट' असं तोंडाने म्हणत म्हणत 'तपाट' लिहिलं. ते बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

शाळेतल्या बाई म्हणतात लक्ष देत नाही. शिकवणीचे सर रोज बाराखडी लिहायला लावतात, दोनशेपानी दोन वह्या भरल्या. एका क्लासवाल्यांनी इंग्रजी फोनिक्सचे महिन्याला १२०० रुपये सांगितले. आणि नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, घरात अहिराणी बोलता म्हणून त्याचा गोंधळ होतो. म्हणून मी सासूबाईंना सांगितलं की त्याच्याशी शुद्ध बोलत जा. तेव्हापासून त्या त्याच्याशी फारसं बोलतच नाहीत. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे, ते बंद झालंय.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बोलायला उशीर झाला त्याचा वाचनाशी संबंध असतो का? फोनिक्सला घालू का? आणि अहिराणीचं काय करू?

दोन_लेकरांची_आई

ताई, आधी बाराखडी लिहून घेणं थांबवा. माझ्या थोरलीकडून आम्ही हेच करून घेतलं होतं. लिहिताना तिचं डोकं कुठेतरी दुसरीकडेच असायचं आणि हात चालू. वर्षभरानंतर तिला एवढंच कळलं होतं की वाचन म्हणजे शिक्षा. तज्ज्ञ लोक सांगतीलच, पण एवढं आजच करा.

कानगोष्ट

मी वाचा-भाषा उपचारक आहे, इंग्रजीत ज्याला स्पीच थेरपिस्ट म्हणतात ते. अठरा वर्षं लहान मुलांबरोबरच काम करते. तुम्ही इतकं नीट लिहिलंय की निम्मी माहिती त्यातच मिळाली. फक्त ऑनलाइन वाचून निदान करता येत नाही, म्हणून मी निदान सांगणार नाही. काय बघायचं ते सांगते.

आज रात्री एक करा. त्याने कधीच न वाचलेली, दहा-बारा ओळींची एक गोष्ट घ्या. पुस्तक तुमच्या हातात ठेवा, त्याला दाखवू नका. तुम्ही सावकाश वाचा, त्याने फक्त ऐकायचं. मग विचारा: गोष्टीत कोण होतं, काय झालं, आणि असं का झालं. शेवटचा 'का' सगळ्यात महत्त्वाचा. ऐकून त्याला सगळं सांगता आलं, तर भाषा ठीक आहे आणि अडचण अक्षरांची आहे. ऐकूनही सांगता आलं नाही, तर अक्षरं हजार वेळा गिरवूनही उपयोग नाही, कारण वाचून जे समजायचं तेच त्याला ऐकून समजत नाहीये.

हे माझ्या मनाचं नाही. गॉफ आणि टनमर या दोघांनी १९८६ साली ते अगदी सोप्या रीतीने मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर दुसरं कितीही असलं तरी उत्तर शून्य. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आईवडिलांनी पहिल्या आकड्यावर घाम गाळलेला असतो आणि दुसरा कुणी मोजलेलाच नसतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. संबंध असतो, पण 'उशिरा बोलला म्हणून वाचता येणार नाही' इतका सरळ नसतो. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. काहींचं मात्र असं होतं की बोलणं सुरू झालं म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि आतून शब्द कमी, वाक्यं छोटी, 'कारण', 'म्हणून', 'जरी', 'तोपर्यंत' असे जोडणारे शब्द जवळजवळ नाहीतच. रोजच्या बोलण्यात ते उघडं पडत नाही, कारण घरात "जेवला का", "दप्तर भर", "चप्पल घाल" एवढ्यावर दिवस निघून जातो. ते उघडं पडतं दुसरी-तिसरीत, पुस्तकातलं लांब वाक्य समोर आल्यावर.

उच्चार आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'र' चा 'ल' होणं हा उच्चाराचा भाग. 'र' मुळातच उशिरा येणारा आवाज आहे, त्यामुळे एवढ्यावरून वाचन अडत नाही, तरी सव्वासातला तो एकदा तपासून घ्यावा. 'तपाट' कडे मात्र मी थोडं लक्ष देईन. ज्या मुलांना एखादा आवाज उशिरा साधतो, त्यांच्या जिभेला तो आला तरी मनातला ठसा पुसट राहिलेला असू शकतो, आणि लिहिताना तोच वर येतो. एकदा झालं म्हणून घाबरू नका. पुढचे पंधरा दिवस वहीत क-त, ग-द कुठे कुठे उलटतात ते तारखेसकट लिहून ठेवा. शिवाय त्याला पाठमोरं बसवून, म्हणजे तुमच्या तोंडाकडे न बघता, 'काप' आणि 'ताप', 'वेळ' आणि 'वेल' यांतला फरक ऐकू येतो का ते बघा. तुम्ही म्हणायचं, त्याने चित्रावर बोट ठेवायचं.

आणि श्रवणचाचणी करून घ्याच. त्याला वारंवार सर्दी होते का ते तुम्ही लिहिलेलं नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचून राहिला तर ऐकू येतं, पण पाण्याखालून आल्यासारखं पुसट. मूल 'लक्ष देत नाही' असं वाटतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ बघतील आणि ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणं) आणि टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणं) करायला सांगतील. दुखत नाही, अर्ध्या तासात होतं. खाजगीत जमणार नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ पासून सुरू आहे, शून्य ते अठरा वर्षांसाठी. त्याचं पथक शाळेत तपासणीला येतं आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवता येतं. शाळेत विचारा. उपचारक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नका. आम्हाला त्याचा राग येत नाही.

फोनिक्सबद्दल. ते वर्ग इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवतात. इंग्रजी शिकायला उपयोग होईल, पण तुमच्या मुलाची अडचण मराठी वाचण्याची आहे आणि आपली लिपी वेगळ्या रीतीने चालते. चौतीस व्यंजनं आणि बारा स्वरचिन्हं धरली तरी चारशेच्या वर रूपं होतात, जोडाक्षरं वेगळी. बंगळूरला सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्या अक्षरलिप्या पक्क्या व्हायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा पुष्कळ जास्त काळ लागतो, असं त्यात दिसतं. म्हणजे दुसरीत सगळी अक्षरं पक्की नाहीत यात आश्चर्य नाही.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते पुढचं. मराठी 'जसं लिहितो तसं वाचतो' असं आपण म्हणतो ना, ते पूर्ण खरं नाही. तुमच्याच दुकानातला शब्द घ्या. 'कापडाला' हा शब्द लिहिताना का-प-डा-ला, पण म्हणताना आपण 'काप्डाला' म्हणतो. तुमचा मुलगा ज्यावर अडला तो 'बसला' म्हणताना 'बस्ला' होतो. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. मूल ब-स-ला अशी तीन अक्षरं जोडतं, आणि आतून ओळखीचा शब्द वर आला तरच ते 'बस्ला' होऊन जागेवर बसतं. तसंच 'च' चं. 'चहा' मधला च आणि 'चूल' मधला च वेगळे आहेत. 'चार' माणसं आणि गुरांचा 'चारा' म्हणून बघा. कागदावर एकच अक्षर, दोन उच्चार, आणि कुठला घ्यायचा ते कागद सांगत नाही. ज्याने शब्द ऐकलेला आहे त्यालाच ते कळतं. म्हणून मी म्हणते की शब्द कानात आधी असावा लागतो.

मग घरी काय करायचं? बाराखडीच्या जागी रोज दहा मिनिटं आवाजांचे खेळ खेळा, वही-पेन्सिल न घेता. 'वानर' मधला 'वा' काढला तर काय उरलं? 'कमळ' मधला 'क' काढला तर? 'मगर' मधला 'म' काढला तर? आधी टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडा, मग तुकडे गाळा, मग बदला: 'पाटी' च्या 'पा' ऐवजी 'मा' घातला तर काय झालं? स्वयंपाक करताना, मशीन चालवताना तोंडी होतं हे.

दुसरं, त्याच्या वाक्याला तुमचा एक तुकडा जोडत जा. तो म्हणाला "कुत्रा पळाला", की तुम्ही म्हणा "हो, मोटारसायकलच्या आवाजाने घाबरून पळाला". त्याचं वाक्य चुकलं असं म्हणायचं नाही, पुन्हा म्हणायलाही लावायचं नाही. नुसतं मोठं करून परत द्यायचं. दिवसातून वीसदा झालं तरी चालेल.

अहिराणीवर कुणी वर्गात शिकवणाऱ्यांनी लिहिलं तर जास्त बरं. माझं मत एका ओळीत: आजीचं बोलणं लगेच पुन्हा सुरू करा.

वर्गातली_बाई

वरचा शेवटचा प्रश्न माझा आहे असं समजून लिहिते. मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत अकरा वर्षं पहिली-दुसरी शिकवते. माझ्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं अहिराणी बोलत शाळेत येतात.

माझं पहिलं वर्ष सांगते. भिंतीवर चित्र, खाली शब्द 'शाळा'. एक मुलगी उठली, बोट ठेवून म्हणाली, "शा… ळा". दोन्ही अक्षरं बरोबर. मी म्हटलं, शाब्बास, म्हणजे काय? ती माझ्याकडे बघत राहिली. मग चित्राकडे बघितलं, पुन्हा शब्दाकडे बघितलं, आणि एकदम ओरडली, "शाया!" अख्खा वर्ग हसला, मलाही आनंद झाला. पण घरी जाताना माझ्या लक्षात आलं की ज्या इमारतीत ती रोज येते तिचं नाव वाचूनही क्षणभर तिला ते परकं होतं. आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो, डोळ्याला 'डोया' म्हणतात. त्या मुलीला अक्षर येत होतं आणि वस्तूही माहीत होती. दोन्हींमधला पूल मी बांधायचा होता, आणि मी तिला 'शाया' नाही, 'शाळा' म्हण असं सांगून तो पाडायला निघाले होते.

तेव्हापासून माझ्या वर्गात गोष्ट आधी अहिराणीत होते. मुलं सांगतात, मी फळ्यावर लिहिते, त्यांच्या तोंडून येईल तसंच. "माय वावरमा गई." खाली मराठी: "आई शेतात गेली." मुलं दोन्ही वाचतात आणि कुठे काय बदललं ते त्यांची तीच शोधतात. 'वावर' आणि 'शेत', 'मा' आणि 'त'. दिवाळीपर्यंत त्यांना हा खेळ इतका आवडायला लागतो की मीच चुकून मराठी शब्द वापरला तर ती मला त्याचं अहिराणी सांगतात. यात गोंधळ होत नाही. दोन भाषांमध्ये फरक कुठे आहे हे कळणं हीच मोठी समज आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. मुलाच्या घरून सुरुवात करायची हे तिथूनच आम्हा बालशिक्षणवाल्यांच्या अंगात भिनलंय. भाषा हीसुद्धा घरचीच गोष्ट.

ताई, तुमच्या शाळेतल्या बाईंवर रागावू नका. आमच्यावर वेगाचं दडपण असतं. निपुण भारत ही केंद्र सरकारची लहान वर्गांच्या वाचन-गणिताची मोहीम २०२१ ला सुरू झाली, त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असं ध्येय आहे. ध्येयात समजून वाचणंही आहे, पण घड्याळ लावून शब्द मोजता येतात, समज तशी मोजता येत नाही. म्हणून भरभर वाचणारं मूल तपासणीत सुटून जातं. तुमचा मुलगा तसाच सुटला असावा. बाईंना भेटून एवढंच सांगा की त्याला वाचून झाल्यावर एक 'का' विचारत जा.

आणि सासूबाईंना सांगा की त्यांनी गोष्टी सांगाव्यात. भरपूर सांगाव्यात. ज्या आजीला नातवाशी बोलताना शब्द तोलावे लागतात ती बोलतच नाही, आणि त्यात मुलाचा दिवसाचा निम्मा भाषेचा खुराक जातो. हे मी पाच-सहा घरांत बघितलंय.

निवृत्त_वाहक_सांगली

मी एसटीत वाहक होतो, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या विषयातलं मला काही कळत नाही, पण नातीचं सांगतो.

ती चार-पाच वर्षांची असताना मी तिला रोज संध्याकाळी स्टँडवर घेऊन जायचो. माझी जुनी माणसं भेटतात, चहा होतो. ती विचारायची, ही गाडी कुठं चालली? मी सांगायचो, स्वारगेटला. वाटेत काय लागतं? मग इस्लामपूर, कराड, सातारा, आणि पुढं खंबाटकी. पुण्याहून येताना घाट चढायचा आणि पुण्याला जाताना बोगद्यातून जायचं, हे तिला तोंडपाठ. बोगद्यात गेल्यावर दिवे लागतात का, समोरून गाडी येते का, शंभर प्रश्न. मी कंटाळलो नाही. माझी सगळी नोकरी त्याच रस्त्यावर गेली, मला सांगायला आवडायचं.

पहिलीत असताना एकदा आम्ही पुण्याला निघालो होतो. तेव्हा तिला 'क', 'म', 'ल' असली सुटी अक्षरं यायची, फार नाही. साताऱ्याच्या पुढं गेल्यावर रस्त्याच्या कडेला पाटी आली आणि पोरगी म्हणाली, "आबा, खंबाटकी!" गाडी पळत होती, वाचायला दोन सेकंद मिळाले असतील. अनुस्वार आहे, 'ट' आहे, वेलांटी आहे, एवढा मोठा शब्द. मी सुनेला म्हटलं, हिला वाचता येतं. सून म्हणाली, नाही हो, अजून जोडून वाचत नाही. मला तेव्हा कळलं नाही, वरचं वाचून आज कळलं. 'ख' दिसल्याबरोबर तिच्या मनात घाट उभा राहिला असणार.

पोरी, तू मुलाला तुझ्या कामातलं काय काय सांगतेस ते बघ. आपल्याला वाटतं त्यात काय सांगायचं. त्याला ते सगळं नवीन असतं.

फॉल_पिको_सातपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण नुसतं 'धन्यवाद' लिहायचं नव्हतं, करून बघून लिहायचं होतं.

श्रवणचाचणी झाली. दोन्ही कान व्यवस्थित आहेत. डॉक्टर म्हणाले पडदा स्वच्छ आहे. ती काळजी गेली.

पुस्तक न दाखवता वाचून दाखवायची ती परीक्षा त्याच रात्री केली. वाचनालयातून आणलेली गोष्ट होती: एक म्हातारी, तिचा मळा, मळ्याला कुंपण, आणि कुंपणाच्या फटीतून आत शिरणारी शेळी. मी सावकाश वाचली. कोण होतं विचारलं तर "म्हातारी आणि शेळी" म्हणाला. काय झालं? "शेळीने खाल्लं." म्हातारीने शेवटी काटे का आणले? गप्प. पुन्हा बटण फिरवायला लागला. माझ्या पोटात गोळा आला, कारण कानगोष्ट ताईंनी लिहिलं होतं तेच होतं, ऐकूनही येत नव्हतं.

मग वर्गातल्या बाईंचं आठवलं. सासूबाईंना बोलावलं, माफी मागितली खरं तर, आणि म्हटलं की ही गोष्ट तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगा. त्यांनी पुस्तकाला हातही लावला नाही. 'डोकरी' ने सुरुवात केली, 'मळा' चा 'मया' झाला, हातवारे करून शेळी कशी मान तिरकी करून घुसली ते दाखवलं. तो खदखदून हसला. मग मी तेच विचारलं, काटे का आणले? एका दमात म्हणाला, तिथे काटे लावले की बकरीच्या तोंडाला टोचेल आणि ती परत जाईल. आणि वर स्वतःहून, "पण ती दुसरीकडून येईल ना." हे पुस्तकात नव्हतंच.

म्हणजे त्याला गोष्ट समजते, 'का' पण समजतं. त्याला 'मळा', 'कुंपण', 'फट' हे शब्दच माहीत नव्हते. त्या एका गोष्टीत असे अकरा शब्द निघाले. मी लिहून ठेवले. सात वर्षं तो माझ्या शेजारी वाढला आणि मला हे माहीत नव्हतं.

अजून एक सांगायचंय, आजोबा, तुमच्यामुळे लक्षात आलं. आवाजांचे खेळ मी मशीनवर बसून घेते. परवा तो गिऱ्हाइकाचं बिलबुक चाळत होता आणि माझं गिचमिड अक्षर भरभर वाचायला लागला: "अस्तर… काज… फॉल… बटण." 'अस्तर' ला अजिबात थांबला नाही. त्याच दिवशी सकाळी धड्यात 'वस्ती' वर पाच मिनिटं अडून रडवेला झाला होता. दोन्हीकडे तोच 'स्त'. मी वही घेतली, 'अस्तर' लिहिलं, खाली 'वस्ती' लिहिलं आणि 'स्त' खाली रेघ मारली. तो दोन्हींकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आई, हे अस्तलमधलं आहे." मग त्याला वस्ती म्हणजे काय ते सांगितलं, आपल्या मागच्या गल्लीला काय म्हणतात ते सांगितलं. नंतर वाचला. आता 'रस्ता', 'स्वस्त', 'पुस्तक' असे 'स्त' वाले शब्द तो स्वतः शोधतो. सासूबाईही शोधून देतात, त्यांना वाचता येत नाही पण ऐकून बरोबर ओळखतात.

शिकवणी बंद केली. फोनिक्सला घातलं नाही. संध्याकाळी ओट्यावर दोघं पुन्हा बसतात.

'तपाट' सारख्या चुका तारखेसकट लिहिल्यात. सतरा दिवसांत पाच, सगळ्या क-त च्या, ग-द ची एकही नाही. बोट ठेवायच्या खेळात 'काप-ताप' दहापैकी नऊ बरोबर आले. शाळेतून केंद्रासाठी पत्र मिळालंय, पुढच्या मंगळवारी जिल्हा रुग्णालयात जायचंय. तिथे काय काय न्यायचं, ताई?

कानगोष्ट

तुमचं वाचून मी दोनदा थांबले.

त्याची एक शाळेची वही, चुकांचा तो कागद आणि श्रवणचाचणीचा अहवाल न्या. त्या अकरा शब्दांची यादी न्या. बिलबुकही न्या, आणि ते तिथल्या उपचारकांसमोर त्याला वाचू द्या. जमलं तर सासूबाईंना बरोबर घेऊन जा. भाषेची तपासणी फक्त मराठीत झाली तर ती अर्धीच होईल. तिथे स्पष्ट सांगा की घरात दोन भाषा आहेत आणि त्याला दोन्हींत विचारा. अहिराणी येणारं कुणी तिथे नसेल तर सासूबाई विचारतील, उपचारक ऐकतील. क-त चं मात्र तिथे नीट तपासून घ्या. ऐकताना दहापैकी नऊ आणि लिहिताना पाच चुका, यातला फरक समोर बसूनच कळेल.

मंगळवारी सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते.